चाळणीवर राहिलेले धन : सर रॉबर्ट मॅकॅरिसन

गिरणीतून दळण घरी आले, की पहिले काम चाळणीचे असे. परातीत वर्तमानपत्र पसरावे, चाळणी हातात घ्यावी आणि तळव्याने तिच्या कडेवर हलके हलके थाप द्यावी. खाली मऊ पीठ पडे आणि वर तांबूस कोंडा उरे. पाहुणे यावयाचे असले, पुरणपोळीचा बेत असला, तर पीठ दुसऱ्यांदा, वस्त्रातून गाळले जाई. उरलेला कोंडा गाईच्या घमेल्यात पडे. गाय नसली तर शेजाऱ्याच्या गाईच्या. आमच्या लहानपणी हे दृश्य इतके नित्याचे होते, की त्यात काही विचार करण्यासारखे आहे असे आम्हांस कधी वाटलेच नाही.

आपल्या भाषेनेही कोंड्याची किंमत अशीच ठरविली आहे. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, ही म्हण आपण सर्वजण जाणतो. तिच्यात कोंडा हे अन्न नव्हे, तर अन्न नसल्याची खूण आहे. कोंड्याचा मांडा करणाऱ्या गृहिणीची आपण वाहवा करतो, ती तरी का? मांडा हा सपिटाचा, सणासुदीचा, आणि कोंडा म्हणजे टाकाऊ. टाकाऊतून टिकाऊ काढले म्हणून ते कौतुक. आज ज्या पुरुषाचे चरित्र आम्ही विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहो, त्याचे निम्मेअधिक आयुष्य ह्या समजुतीची तपासणी करण्यात गेले. त्याचे नाव सर रॉबर्ट मॅकॅरिसन. तो जन्माने आयरिश, पेशाने सैन्यातील वैद्य. त्याची कर्मभूमी मात्र हिंदुस्थान, आणि त्याने लावलेले रोप आज आपल्या ह्याच हैदराबाद शहरात वृक्ष होऊन उभे आहे. तार्नाक्याजवळ, उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारी, राष्ट्रीय पोषण संस्थेची जी विस्तीर्ण वास्तू आहे, तिच्यावरून आपल्यापैकी पुष्कळांचा जाण्यायेण्याचा रस्ता आहे. तिचा मूळपुरुष कोण, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

रॉबर्ट मॅकॅरिसन ह्यांचा जन्म 15 मार्च 1878 रोजी आयर्लंडच्या उत्तर भागातील पोर्टाडाउन ह्या गावी झाला. बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजात त्यांनी वैद्यकाचा अभ्यास केला, 1900 साली पदवी मिळविली, आणि पुढच्याच वर्षी इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये प्रवेश करून ते हिंदुस्थानात आले. हैदराबादकरांना ह्याच सेवेतील आणखी एक नाव चांगले परिचयाचे आहे. 1897 साली सिकंदराबादेस हिवतापाचे जंतू डासाच्या पोटात पाहणारे रोनाल्ड रॉस हेही ह्याच सेवेतले. साम्राज्याच्या सैन्याची प्रकृती राखणे हे ह्या डॉक्टरांचे मुख्य काम; परंतु त्यांतील काही थोड्यांनी त्या कामाच्या फटींतून मानवजातीच्या उपयोगाचे असे काही शोधून काढले, हे मान्य केलेच पाहिजे.

तेवीस वर्षांचा हा तरुण डॉक्टर वायव्य सरहद्दीवर, चित्रळच्या डोंगराळ मुलखात गेला. तेथे तीन दिवस येऊन जाणारा एक ताप सैनिकांना छळीत असे. तो एका बारीक वाळूमाशीच्या चावण्याने येत असावा, असा तर्क त्यांनी केला, आणि पुढे तो खरा ठरला. 1904 साली त्यांची नेमणूक गिलगिट येथे झाली, आणि तेथे त्यांनी सात वर्षे काढली. ही सात वर्षे म्हणजे त्यांच्या पुढील सर्व विचारांची पेरणी होय.

गिलगिटला आल्यावर दोन गोष्टी त्यांच्या डोळ्यांत भरल्या. पहिली गलगंडाची. एकाच ओढ्याच्या काठी वसलेल्या गावांत वरच्या गावाला गलगंडाचे रोगी कमी, आणि ओढा जसजसा खाली जाई तसतसे गावागणिक ते वाढत जात. वरच्या गावाची घाण खालच्या गावाच्या पिण्याच्या पाण्यात उतरत होती. पाण्यातील ह्या गाळाचा गलगंडाशी काही संबंध आहे काय, हे पाहण्यासाठी त्यांनी तो गाळ वेगळा काढला, काही स्वयंसेवकांना नित्य प्यावयास दिला आणि दुसऱ्या काहींना तोच उकळून दिला. पिणाऱ्यांत ते स्वतः होते! न उकळलेला गाळ पिणाऱ्यांपैकी काहींच्या गळ्याला खरोखरच सूज आली. आपण आज जाणतो, की गलगंडाचे मुख्य कारण आहारातील आयोडीनची उणीव हे आहे, आणि म्हणूनच आपल्या घरच्या मिठात आयोडीन घातलेले असते. दूषित पाण्याला मॅकॅरिसन ह्यांनी जे महत्त्व दिले होते, ते पुढे तसे राहिले नाही. तरी दुसऱ्याला जे पाजावयाचे ते आधी आपण पिऊन पाहणारा हा संशोधक होता, एवढे ह्या प्रकरणावरून ध्यानात येते.

दुसरी गोष्ट हुंझा खोऱ्यातील लोकांची. गिलगिटच्या उत्तरेस असलेल्या ह्या खोऱ्यातील माणसे उंच डोंगर चढून जात, दिवसभर राबत, आणि दवाखान्यात येत ती बहुधा जखमेसाठी किंवा डोळ्यांच्या विकारासाठी. पोटशूळ, आम्लपित्त, आतड्यांचे जुनाट रोग, आंत्रपुच्छाचा दाह, ह्या ज्या दुखण्यांनी विलायतेतील दवाखाने भरून जात, त्यांचा तेथे जवळजवळ मागमूस त्यांना दिसला नाही. ह्यांचे खाणे ते काय? अख्ख्या धान्याची भाकरी, जरदाळू आणि इतर फळे, पालेभाज्या, थोडे दूध आणि क्वचित मांस. पुढे इतर लेखकांनी हुंझाच्या लोकांभोवती दीर्घायुष्याच्या अनेक दंतकथा विणल्या. त्या काही खऱ्या नव्हेत, आणि मागाहून गेलेल्या प्रवाशांना तेथे रोगही दिसले, दारिद्र्यही दिसले. मॅकॅरिसन ह्यांचे स्वतःचे वर्णनही थोडे अधिकच गोड होते, असे आमचे मत आहे. परंतु त्यांच्या मनात जो प्रश्न उभा राहिला तो महत्त्वाचा होता. सगळे वैद्य विचारतात, की हा माणूस आजारी का पडला? मॅकॅरिसन ह्यांनी विचारले, की ही माणसे आजारी का पडत नाहीत?

त्या प्रश्नाचे उत्तर शोधावयास साधने मिळण्यास पुष्कळ काळ जावा लागला. मधे महायुद्ध आले. 1918 साली त्यांना निलगिरी पर्वतातील कुन्नूर येथे पाठविण्यात आले, ते बेरीबेरी ह्या रोगाच्या चौकशीसाठी. तेथील पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना एक खोली देण्यात आली. एकच खोली! आजची हैदराबादची संस्था तिच्या वयाची मोजणी ह्या खोलीपासून करते, आणि म्हणून तिची शताब्दी 2018 साली झाली.

बेरीबेरी हा रोग आता आपल्याला फारसा दिसत नाही; परंतु त्या काळी मद्रास इलाख्याच्या तेलुगू किनारपट्टीत तो चांगलाच परिचयाचा होता. पायांतील शक्ती जाते, अंगावर सूज चढते, हृदय थकते, आणि रोगी दगावतो. जावा बेटात आयक्मन ह्या डच डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोंबड्यांवरून दाखवून दिले होते, की केवळ सडलेल्या पांढऱ्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात, आणि त्याच तांदळाचा कोंडा त्यांना परत दिला, की पुन्हा उठून चालू लागतात. ज्याला आपण फेकून देतो त्यातच औषध! कोंड्यातील ह्या अज्ञात द्रव्यास व त्याच्यासारख्या इतर द्रव्यांस 1912 साली फुंक ह्या पोलिश शास्त्रज्ञांनी ज्या नावाने संबोधिले, त्यालाच आपण मराठीत जीवनसत्त्व म्हणतो. 1926 साली जावा बेटातच ते तांदळाच्या कोंड्यातून शुद्ध रूपात वेगळे काढण्यात आले, आणि 1936 साली रॉबर्ट विल्यम्स ह्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांनी ते प्रयोगशाळेत तयार केले. हे विल्यम्स जन्मले होते आपल्या शेजारच्या आंध्रात, नेल्लोर गावी, मिशनऱ्याच्या घरी. हे आम्ही वाचले तेव्हा आम्हांस मोठी मौज वाटली.

येथे चरित्र थोडे थांबवून गव्हाच्या दाण्याकडे पाहणे बरे, कारण त्याखेरीज मॅकॅरिसन ह्यांचे पुढील काम समजणार नाही. गव्हाचा एक दाणा आडवा कापून भिंगाखाली धरला, तर त्याचे तीन भाग दिसतात. मधला पांढरा पिठूळ गर हा दाण्याच्या वजनाचा सुमारे पाच-षष्ठांश भाग. हेच मैद्याचे घर. एका टोकाला इवलासा अंकुर, तो शंभरात दोन-तीन भाग. आणि सर्वांभोवती अनेक पदरी सालीचे आवरण, शंभरात सुमारे चौदा भाग, हाच कोंडा. गर म्हणजे अंकुरासाठी साठविलेली शिदोरी, मुख्यतः स्टार्च आणि प्रथिने. परंतु दाण्याच्या जीवनसत्त्वांचा आणि क्षारांचा मोठा वाटा निसर्गाने बाहेरच्या आवरणात, विशेषतः त्याच्या सर्वांत आतील थरात, आणि अंकुरात ठेवला आहे. शंभर ग्रॅम कोंड्यात चाळीस ग्रॅमहून अधिक तंतुमय चोथा असतो, सुमारे पंधरा ग्रॅम प्रथिने, चार ग्रॅम स्निग्धांश, आणि पाच-सहा ग्रॅम क्षार. त्या क्षारांत लोह सुमारे दहा मिलिग्रॅम, मॅग्नेशियम सहाशे, आणि फॉस्फरस हजाराच्या घरात. ब वर्गातील जीवनसत्त्वे ह्याखेरीज. ज्याला आपण भूस म्हणून उडवून लावतो, त्याची ही जमाखर्चाची वही.

जुन्या जात्यात दाणा सगळाच भरडला जाई, आणि चाळणीने काढला तरी काही कोंडा पिठात राहीच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात पोलादी रुळांच्या गिरण्या आल्या. त्यांनी कोंडा आणि अंकुर सफाईने बाजूला काढून शुभ्र मैदा दिला. मैदा टिकाऊ, कारण अंकुरातील तेल गेले की पीठ लवकर खवट होत नाही, दिसावयास सुंदर, आणि दूर देशी पाठवावयास सोपा. जो पांढरा पाव पूर्वी श्रीमंतांच्या पानात असे, तो आता विलायतेतील गरिबातल्या गरीब मजुराच्या हाती आला. त्याला वाटले, आपण सुधारलो.

कुन्नूरच्या खोलीत मॅकॅरिसन ह्यांनी कबुतरांना पांढऱ्या तांदळावर ठेवून त्यांच्या शरीराची आतून तपासणी केली. आतापर्यंत लोकांचे लक्ष केवळ लुळ्या पडणाऱ्या पायांकडे होते. ह्यांनी दाखविले, की उणिवेचा परिणाम त्यापूर्वीच आतड्यांवर, हृदयावर, मूत्रपिंडांवरील ग्रंथींवर, साऱ्या देहावर होऊन चुकलेला असतो. माकडांवरील प्रयोगांत त्यांना असे आढळले, की जीवनसत्त्वहीन अन्नावर ठेवलेल्या माकडांची आतडी निस्तेज होऊन त्यांत जखमा व दाह उत्पन्न होतात. माणूस अंथरुणाला खिळण्याच्या कितीतरी आधीपासून वाईट अन्न त्याला आतून पोखरीत असते. ह्या निष्कर्षांवर त्यांनी 1921 साली एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्याच सुमारास अमेरिकेत व्याख्याने देऊन हुंझाची हकीकत तेथील डॉक्टरांना ऐकविली.

ह्या काळात त्यांची प्रकृती ढासळली होती. मायदेशी जाऊन विश्रांती घ्यावी लागली; ती त्यांनी ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेत काम करून घेतली! बरे होऊन ते परतले, तो 1923 साली सरकारने काटकसरीच्या नावाखाली ही चौकशीच बंद करून टाकली. तोफखान्याची काटकसर कठीण असते. कबुतरांच्या दाण्याची सोपी. पाच वर्षांचे काम अर्ध्यावर मोडले. दुसरा एखादा अधिकारी हे निमित्त साधून सुखाच्या नेमणुकीवर निघून गेला असता. ह्यांनी वाट पाहिली. 1925 साली काम पुन्हा सुरू झाले, आणि ह्या वेळी केवळ बेरीबेरीपुरते नव्हे, तर उणिवेच्या साऱ्या रोगांसाठी. तीनचार वर्षांतच त्या चौकशीची पोषण संशोधन प्रयोगशाळा झाली. मॅकॅरिसन तिचे पहिले संचालक.

आता त्यांनी गिलगिटचा जुना प्रश्न हाती घेतला. माणसांवर पिढ्यानपिढ्यांचे प्रयोग करता येत नाहीत. पांढऱ्या उंदरांवर करता येतात, कारण उंदराचे आयुष्य लहान आणि अन्नाची गरज पुष्कळशी माणसासारखी. मॅकॅरिसन ह्यांनी उंदरांचे मोठे घर उभारले आणि त्यांना पंजाबातील शीख शेतकऱ्याचे जेवण दिले: ताज्या दळलेल्या अख्ख्या गव्हाच्या पोळ्या, त्यांवर लोण्याचे बोट, दूध, डाळ, कच्चे गाजर आणि कोबी, आठवड्यातून एकदा हाडासह मांस, आणि पाणी. स्वच्छता, हवा, ऊन, सारे जपले. हजाराहून अधिक उंदीर ह्या अन्नावर दोन वर्षांहून अधिक काळ वाढले; त्यांत आजारपण असे जवळजवळ आढळलेच नाही. प्रौढ उंदीर रोगाने मेले नाहीत, आणि पिल्लेही अपघात सोडता दगावली नाहीत.

मग त्यांनी दुसरा संच घेतला. त्याला विलायतेतील गरीब वस्तीचे जेवण दिले: पांढरा पाव, मार्गारीन, साखर घातलेला चहा, उकडलेल्या भाज्या, डबाबंद मांस आणि मुरांबा. निवारा तोच, स्वच्छता तीच, हवा तीच. ह्या उंदरांची वाढ खुंटली, अंगावरील केस राठ झाले, स्वभाव चिडका झाला. सांभाळणाऱ्या नोकरांना ते चावू लागले. काही आठवडे लोटल्यावर त्यांनी आपल्यातील दुबळ्यांना मारून खाण्यास आरंभ केला. फुप्फुसांचे आणि पोटाचे रोग त्यांच्यात भराभर वाढले. उंदरांची ही हकीकत वाचताना आम्हांस हसावे की घाबरावे हे कळेना. अन्नाचा परिणाम शरीरावर होतो हे आपण मानतो. तो स्वभावावरही इतका व्हावा?

तिसरा प्रयोग आपल्या अधिक जिव्हाळ्याचा आहे. हिंदुस्थानच्या निरनिराळ्या प्रांतांतील लोकांचे आहार घेऊन त्यांनी वीस-वीस तरुण उंदरांचे सात गट केले आणि प्रत्येकाला एकेका प्रांताचे जेवण 140 दिवस दिले. शेवटी वजने घेतली. शीख आहारावरील उंदीर सरासरी 235 ग्रॅमचे झाले, त्यांच्या खालोखाल पठाण, आणि तिसरा क्रमांक आपल्या मराठी आहाराचा, 225 ग्रॅम. मग गुरखा, कानडी, बंगाली, आणि सर्वांत शेवटी, पांढऱ्या तांदळावर मुख्य भिस्त असलेला मद्रासी आहार, 155 ग्रॅम. तिसरा नंबर मिळाला म्हणून मराठी वाचकाने फार फुशारून जाऊ नये. आपल्या आजीच्या जेवणाला तो नंबर होता. आपल्या बिस्किटांच्या पुड्याला नव्हे.

ह्या प्रयोगांत दोष होते, आणि ते सांगितलेच पाहिजेत. प्रांतांप्रमाणे माणसांचे वर्ग पाडून त्यांतील बलिष्ठ कोण हे ठरविण्याची दृष्टी ही सैन्यभरती करणाऱ्या साम्राज्याची दृष्टी होती. मॅकॅरिसन तिच्यातून पूर्ण सुटले होते असे म्हणवत नाही. एकाच प्रांतात सावकार काय खातो आणि शेतमजूर काय खातो, ह्यात जमीनअस्मानाचे अंतर असते, ते सात गटांच्या तक्त्यात दिसत नाही. शिवाय शीख शेतकऱ्याच्या ताटात केवळ कोंड्यासह गहू नव्हता. दूध होते, लोणी होते, ताजी भाजी होती. सगळे श्रेय कोंड्याला देणे म्हणजे वरातीतील बँडवाल्यालाच नवरदेव समजणे होय. तरी एवढे निश्चित, की धान्यातून काढून टाकलेले साखरेने आणि मुरांब्याने भरून निघत नाही.

मॅकॅरिसन ह्यांचे एक लहानसे काम आम्हां शिक्षकांस विशेष प्रिय आहे. 1928 साली त्यांनी हिंदुस्थानातील शाळा आणि महाविद्यालये ह्यांच्यासाठी अन्न ह्या विषयावर एक सोपी पुस्तिका लिहिली. ज्याच्या नावावर जगभर मान्य झालेले शोधनिबंध आहेत, त्याने मुलांसाठी दूध, भाजी आणि धान्य ह्यांवर धडे लिहावयास बसावे, ही गोष्ट लहान नव्हे. 1933 साली त्यांना सर हा किताब मिळाला. 1935 साली मेजर जनरलच्या हुद्द्यावरून निवृत्त होऊन ते इंग्लंडला गेले, आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये पोषण आणि राष्ट्राचे आरोग्य ह्या विषयावर त्यांनी तीन व्याख्याने दिली. हुंझा, शीख, उंदीर, सारे त्यांत आले. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडवर धान्यटंचाई ओढवली, तेव्हा 1942 साली तेथील सरकारने पांढरा पाव बंद करून गव्हाचा 85 टक्के भाग पिठात ठेवण्याचा नियम केला. हेतू जहाजांतील जागा वाचविण्याचा होता. लोक त्या करड्या पावाला नावे ठेवीत खात होते, आणि त्यातून त्यांना ब जीवनसत्त्व आणि लोह फुकटात मिळत होते.

युद्धानंतर दहा वर्षे ते ऑक्सफर्ड विद्यापीठात पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाचे संचालक होते. 1953 साली, त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त, त्यांचे विखुरलेले निबंध एकत्र ग्रंथरूपाने निघाले. 18 मे 1960 रोजी ऑक्सफर्ड येथे त्यांचे निधन झाले.

कोंड्याची कथा तेथे संपली नाही. मॅकॅरिसन ह्यांचे लक्ष जीवनसत्त्वांवर होते. कोंड्यातील चोथ्याला शास्त्रज्ञ निरुपयोगी समजत, कारण तो पचत नाही. डेनिस बर्किट ह्या दुसऱ्या एका आयरिश शस्त्रवैद्याने आफ्रिकेतील अनुभवावरून 1970 च्या सुमारास जगाला पटवून दिले, की न पचणे हाच त्या चोथ्याचा गुण आहे. गव्हाच्या कोंड्यातील बहुतेक तंतू पाण्यात विरघळत नाहीत. ते पाणी धरून ठेवतात, मळाला आकार आणि मऊपणा देतात, आणि आतड्यातून त्याला वेळेवर पुढे सरकवितात. मलावरोधावर कोंडा गुणकारी आहे तो ह्या कारणाने. आणि अख्खे धान्य नित्य खाणाऱ्यांत हृदयविकार, मधुमेह आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग कमी आढळतात, असे त्यानंतरच्या अनेक पाहण्यांत दिसून आले आहे.

पण कोंडा म्हणजे अमृत नव्हे. त्यात फायटिक आम्ल असते, आणि ते लोह, जस्त व कॅल्शियम ह्यांना बांधून ठेवते. म्हणून कोंड्यात लोह पुष्कळ असले, तरी ते सारे रक्तात उतरत नाही. पीठ आंबविल्याने ह्या आम्लाचा जोर बराच कमी होतो, आणि जेवणात लिंबू पिळले तर लोह शोषले जाण्यास मदत होते. वरून चमचे चमचे कोरडा कोंडा खाऊन पाणी न पिणाऱ्याचे पोट उलट अधिक बिघडते. काहींना गव्हातील ग्लुटेन ह्या प्रथिनाचेच वावडे असते. त्यांनी कोंड्याच्या वाटेस जाऊ नये. तान्ह्या मुलांच्या इवल्याशा पोटात चोथा भरणेही शहाणपणाचे नाही.

आणि आता पुन्हा आमच्या शहराकडे. मॅकॅरिसन निवृत्त झाल्यावर डॉ. एक्रॉइड हे संचालक झाले. त्यांच्या काळात, 1937 साली, हिंदी अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचे कोष्टक प्रसिद्ध झाले. सुधारून वाढविलेल्या त्या कोष्टकावर पुढे डॉक्टरांच्या आणि आहारतज्ज्ञांच्या पिढ्या वाढल्या. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर संस्थेची सूत्रे एका मराठी शास्त्रज्ञाच्या हाती आली. ते डॉ. वि. ना. पटवर्धन. कुन्नूरचा थंड डोंगर रम्य खरा, परंतु जागा अपुरी, आणि जी उपाशी माणसे अभ्यासावयाची ती डोंगरावर कोठून येणार? 1958 साली संस्था हैदराबादेस आली. मोठी रुग्णालये, विद्यापीठ आणि अवतीभवती ज्वारी-भात खाणारी खेडी, असे सगळे येथे एका ठिकाणी होते. 1969 साली तिला राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव मिळाले. 2024 साली ह्याच संस्थेने भारतीयांसाठी आहाराच्या नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांतही अख्ख्या धान्याची शिफारस आहे.

त्या सूचना निघाल्या त्या शहरात इराणी हॉटेलांतील चहाबरोबर उस्मानिया बिस्किट खाल्ले जाते, आणि ते मैद्याचे असते, हे आम्हीही जाणतो. आम्हीही खातो. काचिगुड्याच्या आणि सुलतान बाजारच्या बाजूच्या जुन्या मराठी घरांत मात्र उन्हाळ्यात अजून एक दृश्य कोठे कोठे पाहावयास मिळते. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजतात, वाटले जातात, त्यांचा पांढरा चीक काढून घेतला जातो, आणि चाळणीत चोथा उरतो. तो चोथा आजी टाकीत नाही. त्यात तिखट, मीठ, तीळ, जिरे घालून ती गच्चीवर कापडावर त्याच्या भुसवड्या थापते. पावसाळ्यात त्या तळून पानात आल्या, की घरातील मुले कुरडयांच्या आधी भुसवड्यांवर तुटून पडतात.